कुत्रं जेवत नाही, हे नखरे नाहीत!

घरातलं कुत्रं भाकरीकडे बघेनासं झालं की आपल्याकडे तीन उत्तरं ठरलेली असतात. ऊन किती आहे. बाहेर काहीतरी खाऊन आलं असेल. नखरे करतंय, भूक लागली की खाईल गुमान. ते आजारी असेल, हे चौथं उत्तर सुचेपर्यंत चार दिवस गेलेले असतात. ही वाट बघायची सवय आपल्या पिढीनं मोडली पाहिजे.

ऊन खरंच आहे. मे महिन्यात जळकोटात माणसाचंही जेवण कमी होतं. पण उन्हानं मलूल झालेलं कुत्रं संध्याकाळी गार वाऱ्यात उठतं, खातं, दारात कुणी आलं की भुंकतं. संध्याकाळीही जे कोपऱ्यात पडून राहतं, हाक मारली तर फक्त शेपूट हलवतं, त्याचं दुखणं वेगळं असतं.

अशा वेळी आधी संशय घ्यावा गोचिडांचा. त्यांच्यामार्फत ‘एर्लिकिया’ नावाचे जिवाणू कुत्र्याच्या रक्तात जातात. लक्षणं दिसायला एक ते तीन आठवडे लागतात, तोवर गोचीड चावल्याचं आपण विसरलेलो असतो. मग ताप, जेवण बंद, मरगळ. पुढे प्लेटलेट्स घटून नाकातून रक्तही येतं. लवकर लक्षात आलं तर डॉक्सिसायक्लीनसारख्या साध्या अँटिबायोटिकनं हा आजार आटोक्यात येतो. कोर्स मात्र साधारण चार आठवड्यांचा. दोन दिवसांत खायला लागलं म्हणून सोडायचा नाही. लस न दिलेलं पिल्लू जेवण सोडून उलट्या करत असेल, रक्ताचे जुलाब होत असतील, तर पार्व्हो असू शकतो. तिथं दिवसही थांबायला नको.

दोन गोष्टी कटाक्षानं टाळा. एक, घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनची गोळी देऊ नका. ती कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. दोन, ‘हाड अडकलंय का बघू’ म्हणून तोंडात हात घालू नका. रेबीजमध्येही कुत्र्याला गिळता येत नाही, लाळ गळते.

‘इथं कुत्र्याचा डॉक्टर कुठंय?’ असं लगेच विचारलं जातं. सरकारी जनावरांचा दवाखाना फक्त गाई-म्हशींसाठी नसतो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. शेजारच्या उदगीरला तर चक्क पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आपण शिकवणीला, शॉपिंगला उदगीरला जातोच की!

राहिला पैशाचा मुद्दा. बैलाच्या औषधाला हात आखडणाऱ्या घरात कुत्र्यासाठी पैसे मागणं अवघड आहे, हे मान्य. पण चौथ्या दिवशीच्या सलाईनपेक्षा पहिल्या दिवशीच्या गोळ्या स्वस्त पडतात. आणि आखाड्यावर रात्रभर राखण करणाऱ्या जिवाचा एवढा हक्क नक्कीच आहे.

पिल्लू घरात बहुतेक वेळा आपणच हट्टानं आणतो. त्याचे रील्सही आपणच टाकतो. मग त्याच्या ताटलीकडे लक्ष ठेवायचं काम आईवर का? आठवड्यातून एकदा त्याचे कान आणि बोटांमधल्या फटी तपासा, गोचीड लपतात तिथंच. हिरड्या फिक्या पडल्यात का बघा. एक दिवस पूर्ण जेवलं नाही आणि मलूल दिसलं, तर गूगल बंद करा, गाडी काढा.