सुईला घाबरवणारे आणि सुईच न ठेवणारे

रहिमतपुरात कुठल्याही पारावर बसा, हे वाक्य कानावर येतंच: "गाठीला सुई लावू नका, लावली की कॅन्सर पसरतो." आमच्या वस्तीतल्या एका मावशींचे याच वाक्यापायी चार महिने गेले. गालाच्या आत पांढरा चट्टा, मग न भरणारी जखम. मशेरी लहानपणापासूनची. आधी जडीबुटीवाला झाला, मग अंगारा झाला. बायोप्सी झाली तेव्हा तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं.

आम्ही विचारतो, या वाक्यावर पोट कुणाचं भरतं? ज्याला तपासणीची भीती आहे त्याचं! बायोप्सी म्हणजे जागा बधिर करून काढलेला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो. पॅथॉलॉजिस्ट त्याचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघतो. सोनोग्राफी गाठ दाखवते, गाठीची जात सांगत नाही. (जात विचारावी ती एवढीच, गाठीची.) मानेतली गाठ टीबीची निघाली तर गोळ्यांनी बरी होते, कॅन्सरची निघाली तर वाटच वेगळी. न बघता औषध देणारा अंधारात दगड मारतो. सुईनं रोग पसरणं अगदी विरळ. वृषणाच्या गाठीसारख्या ठिकाणी डॉक्टर स्वतःच सुई टाळतात, पण तेही पेशी तपासून तपासूनच कळलं, पारावर बसून नाही. परंपरेनं आलं म्हणून मानू नका, असं बुद्धांनी कालामांना सांगितलं होतं. त्यात पाराची परंपराही आली.

कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानं बंदी आहे. साताऱ्याच्याच डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. तरी 'गॅरंटीनं गाठ विरघळवतो' असे फलक बिनधास्त लागतात.

पण मावशींना अडाणी म्हणून आम्ही मोकळे होणार नाही. सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य, असं संविधानाचा अनुच्छेद ४७ सांगतो. मग तुकडा काढायला सातारा नाहीतर कराड का गाठावं लागतं? जाण्याचा एक रोज बुडतो, रिपोर्टसाठी दुसरा, डॉक्टरांना दाखवायला तिसरा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून कॅन्सरचे उपचार मिळतात खरे, पण मंजुरीला आधी बायोप्सीचा कागद लागतो. ज्या मजूर बाईला तो कागदच परवडत नाही तिला योजनेचं दार दिसतं, उघडत नाही. जडीबुटीवाला मात्र घरी येतो, उधारीही ठेवतो. माणसं त्याच्याकडे का जातात, याचं उत्तर एवढं सोपं आहे.

आमची मागणी साधी आहे. तोंडातला तुकडा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात काढा, बाटली जिल्ह्याला पाठवा, रिपोर्ट आशाताईंच्या हाती द्या. प्रवास बाटलीनं करावा, आजारी बाईनं नाही.

तोवर, ज्यांच्या घरात मशेरी आहे त्यांनी आज आरशात तोंड उघडून बघावं. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर आम्हाला सांगा. पहिल्या एसटीनं सोबत येऊ.