‘मॅडम, तुम्ही पाकिस्तानच्या का?’

माझी धाकटी बहीण गेल्या वर्षी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती. आंतरवासितेसाठी तिला मिरजेतलीच एक मराठी माध्यमाची शाळा मिळाली. सातवीचा वर्ग, विषय विज्ञान, पटावर ४२ मुलं. चौथ्या दिवशी ती फळ्यावर पानाची आकृती काढत होती. पाठ वर्गाकडे होती. तेवढ्यात मागून आवाज आला, ‘‘मॅडम, तुम्ही पाकिस्तानच्या का?’’

ती डोक्याला स्कार्फ बांधते. वर्ग हसला. शेवटच्या बाकावर तिच्या मार्गदर्शक प्राध्यापिका निरीक्षणाची वही घेऊन बसल्या होत्या. बहिणीने खडू खाली ठेवला, त्या मुलाला उभं केलं आणि तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभं राहायला सांगितलं. वर्ग चिडीचूप. उरलेला पाठ टाचणात लिहिल्याप्रमाणे पार पडला. निरीक्षणाच्या वहीत शेरा आला : ‘वर्गनियंत्रण उत्तम.’

संध्याकाळी तिचा फोन आला. घरी आम्ही दखनी बोलतो, पण ती फार अस्वस्थ असली की मराठीत बोलते. ‘‘भाई, मी बरोबर केलं ना?’’

मी पुण्यात, ऑफिसच्या गाडीत. माझं उत्तर तयारच होतं : ‘‘एकदम बरोबर. वर दोन ठेवून द्यायच्या होत्यास.’’ फोन ठेवला आणि बराच वेळ मला चैन पडेना. बहिणीला असा प्रश्न विचारला गेला याचा राग होताच. पण त्याहून जुनं काहीतरी वर आलं होतं.

१ मार्च २००३, शनिवार. विश्वचषकात भारत-पाकिस्तान सामना सेंच्युरियनला होता. मी तेव्हा आठवीत होतो. सचिन ९८ वर बाद झाला तेव्हा मी अक्षरशः रडलो. आपण जिंकलो तेव्हा गल्लीत नाचलोही. सोमवारी गणिताच्या तासाला मागून एकजण ओरडला, ‘‘सर, आज हा गप्प का माहितीये? याची टीम हरली!’’ वर्ग हसला. सरांनी माझ्याकडे पाहिलं, तेही किंचित हसले आणि फळ्याकडे वळून बीजगणित सुरू केलं.

हे सर वाईट नव्हते. मी आज सॉफ्टवेअरमध्ये आहे त्यात त्यांच्या बीजगणिताचा मोठा वाटा आहे. कदाचित त्यांना वाटलं असेल की विषय वाढवला तर मलाच जास्त लाजल्यासारखं होईल. त्यांच्या हातात दोन-तीन सेकंद होती. पण त्या मुलाचं वाक्य मी एव्हाना विसरून गेलो असतो. सरांचं ते हसणं विसरू शकलेलो नाही.

एका शिक्षकाने हसून सोडून दिलं, एका छात्राध्यापिकेने बाहेर काढलं. दोन्ही कृती एकमेकींच्या उलट दिसतात. पण विचार करायला दोघांनाही वेळ मिळाला नव्हता, आणि अशा वेळी माणूस हाताशी असेल तेच वापरतो. मग प्रश्न असा की शिकाऊ शिक्षकाच्या हाताशी काय असतं आणि ते येतं कुठून?

डॅन लॉर्टी नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये ‘स्कूलटीचर’ या पुस्तकात याचं उत्तर दिलं आहे. शिक्षकी पेशात येणारा माणूस कोरा येत नाही, असं तो म्हणतो. विद्यार्थी म्हणून हजारो तास त्याने शिक्षकांना पाहिलेलं असतं. ही त्याची बघूनबघून झालेली उमेदवारी. त्यात त्याला शिक्षकाची कृती दिसते. त्या कृतीमागचा विचार मात्र दिसत नाही. बाई रागावल्या एवढं कळतं, रागवायचं की नाही हे त्यांनी मनात कसं ठरवलं ते कळत नाही.

इंजिनियरच्या सवयीने मी आपल्याकडचा हिशेब मांडून पाहिला. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवी वर्षाला ८०० तास आणि सहावी ते आठवी १,००० तास अध्यापन धरलेलं आहे. म्हणजे आठवीपर्यंतच ७,००० तास झाले. दुसऱ्या बाजूला, २०१४ च्या नियमांनुसार दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शाळेतला प्रत्यक्ष अनुभव किमान २० आठवड्यांचा. आठवड्याचे सहा दिवस आणि दिवसाचे पाच तास धरले तर होतात ६००. या ६०० तासांनी त्या ७,००० तासांवर मात करायची असते.

मी बहिणीला विचारलं, ‘‘बाहेर उभं करायचं तुला कुठून सुचलं?’’ ती जरा थांबली आणि म्हणाली, ‘‘आमच्या मराठीच्या बाई करायच्या.’’

आमच्या धंद्यात रात्री-अपरात्री सर्व्हर बंद पडतो. तेव्हा नवीन मुलं लगेच म्हणतात, ‘‘काल अमक्याने बदल केला, त्यानेच घोळ झाला.’’ चांगला टीम लीड त्यांना थांबवतो. आधी काय दिसलं ते लिहा, कारण नंतर. मग शक्य ती सगळी कारणं मांडा. आणि नेमकं कारण कळेपर्यंत असंच पाऊल उचला, जे चुकीचं ठरलं तर मागे घेता येईल. वर्ग म्हणजे सर्व्हर नव्हे आणि मूल म्हणजे प्रोग्रॅम नव्हे, हे मला कळतं. तरी दुसऱ्या दिवशी आम्ही फोनवर हाच प्रयोग केला.

‘‘काय दिसलं?’’

‘‘तो उद्धटपणे बोलला.’’

‘‘उद्धटपणा दिसत नाही, तो आपला निष्कर्ष असतो. दिसलं काय, ऐकू काय आलं?’’

तिने आठवून सांगितलं. वाक्य बोलला तो मुलगा. हसायला सुरुवात केली ती त्याच्या शेजारच्याने. ती वळली तेव्हा हा स्वतः हसत नव्हता, शेजाऱ्याकडे बघत होता. त्याआधी तीन दिवसांत तो एकदाही काही बोलला नव्हता.

मग शक्यता मांडल्या. एक, त्याला टोचायचंच होतं. दोन, शेजाऱ्याने पैज लावली होती. तीन, घरात किंवा मोबाइलवर ऐकलेलं त्याने तसंच ओकलं. चार, त्याला खरोखरच माहीत नव्हतं आणि प्रश्न साधा होता. यातल्या प्रत्येकाला वेगळा उपाय लागतो. पैजेचा मामला असेल तर शेजाऱ्यालाही विचारावं लागेल. माहितीच नसेल तर शिक्षा करून आपण त्याला एवढंच शिकवलं की प्रश्न विचारायचे नसतात. आणि टोचायचंच असेल, तर तासभर बाहेर उभं राहून तो मित्रांमध्ये हिरो झाला. फळ्यापाशी उभं राहून चारपैकी खरं काय ते कळणं अशक्य होतं.

मागे घेता येईल असं पाऊल कोणतं? बऱ्याच चर्चेनंतर तिनेच सांगितलं : ‘‘शांतपणे म्हणायचं, ‘नाही, मी मिरजेची. आधी हे पान पूर्ण करू. मधल्या सुट्टीत तू मला भेट.’’’ यात प्रश्न दुर्लक्षून टाकलेला नाही आणि मुलालाही वर्गातून टाकलेलं नाही. मुख्य म्हणजे तिला दीड तास मिळतो. सगळ्यांसमोर बाहेर काढणं मात्र मागे घेता येत नाही. घंटा झाल्यावर मूल आत येतं, पण अपमान बाहेरच राहतो असं थोडंच आहे?

इथे ती चिडली. ‘‘म्हणजे दर वेळी आपणच समजून घ्यायचं का? त्याने वाट्टेल ते बोलायचं आणि मी त्याची कारणं शोधत बसायची?’’

हा प्रश्न हा लेख वाचणाऱ्या अनेकांच्या मनात आला असेल आणि तो टाळण्यासारखा नाही. बसमध्ये, भाड्याचं घर बघताना, नोकरीच्या मुलाखतीत असा प्रश्न विचारणाऱ्या मोठ्या माणसाची कारणं शोधायला आपण बांधील नाही. त्याला सरळ उत्तर द्यावं, गरज पडली तर तक्रार करावी. पण वर्गात समोर बारा वर्षांचं मूल आहे आणि सत्ता आपल्या हातात आहे. तिथे समजून घेणं ही मुसलमान म्हणून दाखवायची सहनशीलता नाही. शिक्षक म्हणून ते आपलं काम आहे. समोर कोणत्याही धर्माचं, जातीचं मूल असलं तरी ते तेवढंच लागू आहे. आणि समजून घेणं म्हणजे सोडून देणं नव्हे. ते वाक्य दुखावणारं होतं हे त्या मुलाला कळायलाच हवं. माझे सर नेमके इथे चुकले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने त्या मुलाला थांबवलं. ‘‘काल तो प्रश्न कसा सुचला?’’ बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, मोबाइलवरच्या एका व्हिडिओत अशा स्कार्फवाल्या बाई होत्या, त्या पाकिस्तानच्या होत्या. शिवाय शेजारी म्हणाला होता, विचारून दाखव. हे पूर्ण खरं की नंतर सुचलेली सबब, हे तिला आजही सांगता येणार नाही. तिने त्याला दोन गोष्टी सांगितल्या. न विचारता बाहेर काढलं ते माझं चुकलं. आणि तुझ्या प्रश्नाने मला वाईट वाटलं, कारण मी याच गावात जन्मले, याच गावात शिकले.

एवढ्यावर तिने थांबायला हवं होतं का? उरलेल्या ४१ मुलांचं काय? जेकब कौनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नेमका हाच धागा पकडला होता. व्याख्यान चालू असताना मागे वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याला तो रागावला आणि त्याच्या लक्षात आलं की ज्यांचा काही संबंध नव्हता तेही एकदम बदलले, माना खाली गेल्या. पाण्यात खडा पडल्यावर तरंग पसरावेत तसं. पुढे त्याने याचाच अभ्यास केला. शिक्षक एकाशी बोलतो तेव्हा सगळा वर्ग शिकत असतो.

हे तरंग किती विषारी होऊ शकतात ते आपण ऑगस्ट २०२३ मध्ये पाहिलं. उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका खासगी शाळेत शिक्षिकेने सात वर्षांच्या मुस्लिम मुलाला वर्गातल्या इतर मुलांकडून एकेक करून थपडा मारायला लावल्या. त्या व्हिडिओत आपल्याला मार खाणारं मूल दिसलं, आणि दिसायलाच हवं. पण सर्वोच्च न्यायालयाने मारायला लावलेल्या मुलांच्याही समुपदेशनाचा विचार केला आणि ते कसं करावं हे सुचवण्याचं काम मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे दिलं. त्या मुलांनाही त्या दिवशी काहीतरी शिकवलं गेलं होतं.

म्हणून बहिणीने पुढच्या तासाला सुरुवातीची दोन मिनिटं घेतली. कुणाचं नाव न घेता म्हणाली, परवा मला एक प्रश्न विचारला गेला, त्याचं उत्तर राहिलं होतं. मी मिरजेची. माणूस कुठला हे कपड्यांवरून ठरवता येत नाही. आता पानाकडे वळू.

या सगळ्याला निरीक्षणाच्या वहीत रकाना नव्हता. प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन, प्रश्नकौशल्य, वर्गनियंत्रण यांना गुण आहेत. ‘तुम्ही असं का केलं, आणखी काय करता आलं असतं?’ असं विचारणारी ओळ नाही. चिडीचूप वर्ग दिसला की ‘उत्तम’. बाहेर उभ्या असलेल्या मुलाचा पाठ बुडाला, तो कुठेच मोजला गेला नाही. डॉक्टर होणाऱ्यांना वरिष्ठ एकेका रुग्णाची केस उलगडून विचारतात. शिक्षक होणाऱ्यांनाही एकेक प्रसंग असाच सावकाश उलगडून पाहायची सवय लागायला हवी, म्हणजे घाईच्या क्षणी हाताशी मराठीच्या बाईंशिवाय आणखी काही असेल.

आपल्यातल्या कितीतरी मुली आणि मुलं डी.एल.एड., बी.एड. करतात. तुम्ही त्यांपैकी असाल तर कॉलेजची वाट पाहू नका. टाचणवहीच्या मागे एक पान राखून ठेवा आणि रोज एक अडलेला प्रसंग लिहा : काय दिसलं, काय ऐकू आलं, कोणकोणती कारणं शक्य आहेत, मागे घेता येईल असं पाऊल कोणतं, बाकीच्या वर्गाने काय पाहिलं. आठवड्यातून एकदा चार-पाच जणांनी एकत्र बसून तो वाचा. वेगवेगळ्या जातिधर्माचे सोबती असतील तर उत्तम. स्वतःला न दिसणारी शक्यता दुसऱ्याला दिसते.

आणि ही वही आपल्या शाळांमध्येही न्या. उर्दू शाळेत दखनी बोलणाऱ्या मुलाला ‘‘पहले ज़बान ठीक कर’’ म्हणून वर्गासमोर हसणारे उस्ताद आपण पाहिलेत. बिरादरीवरून हाक मारणारे पाहिलेत. छडी तर आपल्या ७,००० तासांत भरपूर होती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे, तरी ‘‘मार खाऊनच आम्ही घडलो’’ हे वाक्य आपल्या मोहल्ल्यात आजही अभिमानाने म्हटलं जातं. दुसऱ्याच्या वर्गात आपल्या मुलासाठी जो न्याय मागतो, तो आपल्या वर्गातल्या मुलाला देणं आलंच.

बहीण आता एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. परवा तिचा फोन आला. एक मुलगी दोन आठवडे वर्गात कुणाशीच बोलत नाहीये. मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, ‘‘थांब, कारण नको सांगूस. आधी काय दिसलं ते सांगते.’’ आम्ही अर्धा तास बोललो. उत्तर सापडलं नाही. उद्या डबा खाताना तिच्या शेजारी नुसतं बसून बघते, असं तिने ठरवलं.