छतावरील वीज आणि बिलावरील नाव

घराच्या छतावर पडणारे ऊन आजवर आपल्या लेखी केवळ तापदायक होते. पापड-कुरडयांची वाळवणे घालण्यापलीकडे त्याचा उपयोग फारसा कोणी केला नाही. आता त्याच उन्हापासून घरापुरती वीज निर्माण करता येते, आणि वापरून उरलेली वीज वितरण कंपनीच्या तारांमध्ये सोडून तिचा मोबदला बिलात मिळविता येतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेमुळे खेड्यांतही ही यंत्रणा बसविण्याची उत्सुकता वाढली आहे. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये व तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान या योजनेत मिळते. उत्सुकता चांगलीच आहे. परंतु तिच्यामागोमाग एक तक्रारही गावोगाव ऐकू येते. ती अशी की, 'छत आमचे, पैसा आमचा, ऊन देवाचे. मग कंपनीच्या मंजुरीची अडवणूक कशाला?'

प्रस्तुत लेखकाच्या मते ही मंजुरी म्हणजे अडवणूक नव्हे. अडवणूक आहे ती अन्यत्र, आणि ती दूर करणे बव्हंशी आपल्याच हाती आहे.

पाटाच्या पाण्याचे उदाहरण घेऊ. आपल्या विहिरीचे पाणी आपल्या शेतात वाटेल तसे फिरविण्यास कोणाची परवानगी लागत नाही. परंतु तेच पाणी सर्वांच्या पाटात सोडावयाचे झाल्यास पाटकऱ्याला विचारावे लागते. कारण पाटाची वहनशक्ती किती, खाली कोणाचे दार उघडे आहे, कोठे डागडुजी चालू आहे, हे त्यालाच ठाऊक असते. विजेच्या तारांचेही तसेच आहे. निरभ्र दिवशी एक किलोवॉटच्या यंत्रणेपासून सुमारे ४ युनिट वीज मिळते. भर दुपारी घरातील माणसे शेतावर असतात व ही वीज बहुतांशी बाहेर जाते. एकाच रोहित्रावर, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो त्यावर, अनेक घरांनी अशी वीज सोडली तर तारांतील दाब वाढतो. म्हणून कोणत्या डीपीवर किती यंत्रणा जोडल्या आहेत, याची नोंद कंपनीकडे असणे अगत्याचे ठरते.

दुसरे कारण त्याहून गंभीर आहे. गावठाणाची वीज बंद करून वायरमन खांबावर चढलेला असताना एखाद्या घरातून तारेत वीज आली, तर त्याच्या जिवावर बेतेल. यासाठी बाहेरची वीज जाताच आपोआप बंद पडणारा इन्व्हर्टर वापरावा लागतो, आणि तो व अर्थिंग नियमाप्रमाणे आहेत की नाहीत हे जोडणीपूर्वी तपासले जाते. येथेच एक गैरसमज दूर केला पाहिजे. तारांशी जोडलेली अशी यंत्रणा, स्वतंत्र बॅटरीची सोय केली नसल्यास, गावाची वीज गेली म्हणजे स्वतःही थांबते. अंधारात दिवा मिळेल या आशेने कोणी ती बसविली तर त्याची निराशा होईल.

तिसरे कारण मीटरचे. आत आलेली व बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारे नेट मीटर बसल्याखेरीज आपल्या विजेचा हिशेब राहू शकत नाही. बाहेर गेलेली वीजही वापरलेली समजून बेरजेत धरणारी जुनी मीटरे पुष्कळ घरांत आहेत. अशा मीटरवर यंत्रणा सुरू केल्यास बिल कमी होण्याऐवजी वाढते.

तेव्हा मंजुरी हवी हे उघड आहे. ती आता पूर्वीइतकी क्लिष्टही राहिलेली नाही. वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या केंद्रीय नियमांत २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. तीनुसार १० किलोवॉटपर्यंतचा अर्ज सर्व बाबतींत पूर्ण असल्यास तांत्रिक शक्यतेच्या तपासणीवाचूनच स्वीकृत समजला जातो, आणि त्यासाठी मंजूर भार वाढवावा लागल्यास ते कामही कंपनीने करावयाचे असते. सर्वसाधारण शेतकरी कुटुंबाला दोन-तीन किलोवॉट पुरेसे होतात. मग घोडे अडते कोठे ? ते अडते 'अर्ज पूर्ण असल्यास' या शब्दांपाशी.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. आमच्या गावच्या घरावर वडिलांनी तीन किलोवॉटची यंत्रणा बसविली. चैत्रात पॅनेल छतावर चढले. पुढे करारावर सही करण्याची वेळ आली तेव्हा ध्यानात आले की, सही ग्राहकाची हवी, आणि बिलावरचे ग्राहक म्हणजे माझे आजोबा; ते वारून चौदा वर्षे झाली होती. दर महिन्याला त्यांच्या नावाचे बिल येत होते, आम्ही ते भरीत होतो, आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटले नव्हते. कृषी पदवीधर म्हणविणाऱ्या मलादेखील नाही. मग मृत्यूचा दाखला काढा, दोन्ही आत्यांची संमती मिळवा, घराचा उतारा आणा, अशी धावपळ सुरू झाली. वडिलांनी सातबारा पुढे केला. पण गावठाणातील घराची नोंद सातबाऱ्यावर नसते, त्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा लागतो. या खटपटीत वैशाखाचे सारे ऊन वाया गेले. "विहीर तुडुंब भरलेली आणि पिकाला पाणी नाही, अशी गत झाली रे," असे अण्णा एके दिवशी म्हणाले. यंत्रणा बसविणारा कारागीर तर म्हणे, "बटण दाबून टाकू, मीटर येईल तेव्हा येईल." अण्णांचे मन क्षणभर डळमळले. परंतु आमच्या डीपीवर चढणारा वायरमन आमच्याच आळीतला आहे, एवढी आठवण करून देताच त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. नाव बदलले, मीटर बसले आणि ज्येष्ठात यंत्रणा सुरू झाली. नुकसान झाले ते आमच्याच दुर्लक्षामुळे.

आपल्या गावांतील किती बिले अशी दिवंगत माणसांच्या नावाने येत असतील, याचा प्रत्येकाने आपल्या आळीपुरता तरी विचार करावा. जमिनीवर वारसनोंद करण्याबाबत शेतकरी जागरूक झाला आहे, कारण तिच्यावाचून पीककर्ज मिळत नाही. घराच्या वीजजोडणीबाबत तीच जागरूकता येणे आता अवश्य आहे.

यासाठी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. सौर यंत्रणेच्या लाभाचे व्याख्यान देण्याआधी प्रत्येकाला घरचे वीजबिल आणावयास सांगावे. त्यावरील नाव हयात व्यक्तीचे आहे काय, ते आधार व बँकेच्या खात्यावरील नावाशी अक्षरशः जुळते काय, थकबाकी आहे काय, एवढे पाहावे. मळ्यातील वस्तीवर राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. अनेक वस्त्यांवर घरातील दिवे पंपाच्या जोडणीवर चालतात; परंतु हे अनुदान घरगुती जोडणीलाच आहे. शेतीपंपाला सौर यंत्र देणारी योजना निराळी आहे, तिची व याची गल्लत होऊ देऊ नये. ग्रामसभेत एक दिवस केवळ बिलावरील नावांसाठी ठेवला व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी लागणारे उतारे व दाखले तेथेच दिले, तर पुढील दोन महिन्यांची पायपीट वाचेल. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत ठरविलेली असल्याने हे काम लांबणीवर टाकणे हिताचे नाही.

शेतकरी बंधूंनीही काही पथ्ये पाळावीत. यंत्रणा बसविणारा नोंदणीकृत असावा. कोऱ्या कागदावर त्याला सही देऊ नये, आणि मोबाइलवर आलेला गुप्त क्रमांक कोणालाही सांगू नये. सर्व रक्कम आगाऊ न देता काही हिस्सा नेट मीटर बसून यंत्रणा सुरू होईपर्यंत राखून ठेवावा व तसे आधीच लिहून घ्यावे. अर्जाचा क्रमांक व दिनांक वहीत टिपून ठेवावा. आणि मीटर बदलल्याशिवाय, कोणी कितीही आग्रह केला तरी, यंत्रणा सुरू करू नये.

एवढे सांगितल्यावर दुसऱ्या बाजूचे कर्तव्यही सांगणे न्यायाचे होईल. अर्जदाराची कागदपत्रे पुरी झाल्यावर मीटरसाठी त्याला वारंवार हेलपाटे घालावे लागणे योग्य नाही. नियमांनी मुदत घालून दिली आहे, ती पाळण्यासाठीच आहे. अर्जात उणीव आढळल्यास ती एकाच वेळी व लेखी कळवावी. आज एक कागद आणि आठवड्याने दुसरा, असे होऊ नये. शेतकऱ्याचा एक दिवस तालुक्याला गेला की त्याची एक पाळी चुकते, हे टेबलापलीकडे बसणाऱ्या आपण सर्वांनीच, मी धरून, ध्यानात ठेवले पाहिजे.

पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणशक्ती तपासावी, असे आम्ही कृषी खात्याचे लोक वर्षानुवर्षे सांगत आलो. छतावर विजेचे पीक घेऊ पाहणाऱ्यांनाही तेवढेच सांगणे आहे. पॅनेलची चौकशी करण्यापूर्वी आज संध्याकाळी घरचे बिल हाती घ्यावे आणि त्यावर नाव कोणाचे आहे ते वाचावे.