किंमत यंत्राची की सेलची?

आमच्या वसतिगृहात महिनाभर एक वाद धुमसतो आहे. विषय परीक्षेचा नव्हे, निवडणुकीचाही नव्हे. हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेमचे यंत्र घ्यावे तर कोणते, हा! एक पक्ष निन्टेंडोच्या ‘स्विच’चा, दुसरा ‘स्टीम डेक’चा. माझा खोलीभाऊ दुसऱ्या पक्षातला. वर्षभराची शिष्यवृत्ती एका खोक्यात घालायला तो निघाला आहे. मित्रहो, असेच एक भांडण आम्ही जन्मण्यापूर्वी अमेरिकेत रंगले होते. त्याचा निकाल त्याला सांगावासा वाटला.

१९८९ साली निन्टेंडोने ‘गेम बॉय’ काढला. अमेरिकेत किंमत सुमारे ९० डॉलर. त्याच वर्षी अटारीचा ‘लिंक्स’ आला, जवळजवळ दुप्पट किमतीचा. १९९१ मध्ये सेगाचा ‘गेम गिअर’ तिथे पोहोचला, दीडशे डॉलरला. या दोघांचे पडदे रंगीत आणि आतून उजळलेले; पांघरुणात शिरून खुशाल खेळावे. लिंक्स तर डावखुऱ्यांना उलटा धरता येई. बिचाऱ्या गेम बॉयचा पडदा शेवाळी, चारच छटांचा. दिव्याखाली बसल्याशिवाय काही दिसेल तर शपथ! दुकानाच्या काचेआड तिन्ही शेजारी ठेवले, तर गेम बॉयकडे कोण ढुंकून पाहणार?

पण यंत्र काही दुकानात खेळायचे नसते. गेम बॉयला पेन्सिल सेल लागत चार, आणि ते सुमारे पंधरा तास पुरत. गेम गिअरला लागत सहा, आणि ते तीन ते पाच तासांत संपत. आता साठ तासांच्या खेळाचा हिशेब मांडा. गेम बॉयला सोळा सेल. गेम गिअरला, चार तासांच्या हिशेबाने, नव्वद! लिंक्सचीही भूक याच जातीची. भिंतीतल्या प्लगला जोडून खेळता येई, हे खरे. पण मग ते हातातले यंत्र कसले? खुंट्याला बांधलेली गायच ती.

गेम बॉयमागे गुनपेई योकोई या अभियंत्याचा विचार होता. नव्यातले नवे तंत्र वापरण्यापेक्षा जुने, स्वस्त, पुरते हातात आलेले तंत्र घ्यावे आणि त्याचा नवा उपयोग शोधावा, असे त्याचे मत. शिवाय अमेरिकेत यंत्रासोबत ‘टेट्रिस’ मिळे. पडणारे तुकडे रचायला रंग हवेत कशाला? गेम बॉय आणि त्याचा पुढचा रंगीत अवतार मिळून ११ कोटी ८० लाखांवर खपले. गेम गिअर सुमारे एक कोटीवर थांबला.

रंगाची हौस खोटी, असे मी म्हणत नाही. लिंक्स हे यंत्र म्हणून सरसच होते, आणि ज्याच्या घरी सेलचा खर्च वडील मुकाट्याने सोसत, त्याला ते लखलाभ. माझे म्हणणे विद्यार्थ्याच्या खिशापुरते आहे. आम्हाला किंमत एकदाच मोजून सुटता येत नाही. ती रोज थोडी थोडी मोजावी लागते.

हे सारे ऐकून खोलीभाऊ म्हणाला, “अरे, आता सेल कुठे राहिले? चार्जिंग असते.” बरोबर आहे. २०२२ मध्ये स्टीम डेक आला, तेव्हा एका चार्जिंगवर खेळाप्रमाणे दोन ते आठ तास, असे त्याच्या कंपनीनेच सांगितले होते. मी काही बोललो नाही, फक्त भिंतीकडे बोट दाखवले. आमच्या खोलीत प्लग एकच आहे, आणि त्यावर आधीच तीन मोबाइलांची रांग असते.