म्हणे, गिरणी बंद पडली!



झाडाचे पान पडते. जुनी भिंत पावसाळ्यात पडते. पण तीन पाळ्या चालणारी, हजारो चुली पेटवणारी गिरणी 'बंद पडते' ती कशी? कोणीतरी कागदावर सही केली, कोणीतरी वीज तोडली, कोणीतरी दरवाजाला साखळी घातली. त्या कोणीतरीला नाव आहे, गाव आहे, आणि गिरणीखालच्या जमिनीचा भावही त्याला तोंडपाठ आहे. पण 'बंद पडली' म्हटले की करणारा गडप! १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मात्र 'संप पडला' असे कोणी म्हणाले नाही. 'कामगारांनी संप केला', असे कर्त्यासकट बोलले गेले. आपण केले की कर्ता असतो, त्यांनी केले की आपोआप घडते. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर गोळीबार 'झाला', माणसे 'मृत्युमुखी पडली'. बंदूक कोणाच्या खांद्याला होती, ते त्या वाक्यात मावत नाही.

कोणी म्हणेल, "शब्दांनी काय पोट भरतंय होय?" नाही भरत. पण शब्दाच्या आडून पोटावर पाय येतो, तो ओळखता आला पाहिजे.

'बंद' आणि 'बंदी' यांत एका वेलांटीचा फरक. बंद आपण पाळतो. बंदी आपल्यावर घालतात. 'मनाई' त्याहून सौम्य, घरातल्या वडीलधाऱ्यासारखी. कापूस फोडण्याच्या खात्यात विडी ओढायला मनाई असते, त्याविरुद्ध आजवर एकाही कामगाराने मोर्चा काढलेला नाही. हवेत कापसाचे तंतू उडतात, ठिणगी पडली तर सगळेच जळू, हे प्रत्येकाला दिसते. ज्या मनाईचे कारण डोळ्यांना दिसते ती आम्ही पाळतो. आमचे भांडण कारण न सांगणाऱ्याशी आहे.

'निर्बंध' हा शब्द वकिली. संविधानात तो एकटा येत नाही, 'वाजवी' हे विशेषण बरोबर घेऊन येतो. भाषणस्वातंत्र्याच्या कलमात हे विशेषण १९५० साली नव्हते. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते घातले, आणि त्याच दुरुस्तीने निर्बंध घालण्याची कारणेही वाढवली. एका हाताने दिले, दुसऱ्याने काढून घेतले! तरीही हे 'वाजवी' सोडू नका. निर्बंध वाजवी आहे की नाही हे न्यायालयात विचारता येते, ते या एका शब्दामुळे.

आता 'जमावबंदी' आणि 'संचारबंदी'. वर्तमानपत्रवालेसुद्धा यांची खिचडी करतात. जमावबंदीत पाच माणसांनी एकत्र जमायचे नाही, पण एकट्याने बाजारात जायला, पाळीवर जायला आडकाठी नाही. संचारबंदीत उंबरठाच ओलांडायचा नाही. जमावबंदी असताना कोणी तुम्हाला "घरात बसा" म्हणाला, तर हुकमात नसलेला हुकूम तो स्वतःच्या खिशातून काढतो आहे! महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(३) खालचा हुकूम राज्य सरकारच्या मंजुरीवाचून पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही. म्हणून काय करतात? पंधरा दिवस सरले की नवा कागद, पुन्हा पंधरा दिवस. जुने कलम १४४ होते, १ जुलै २०२४ पासून ते नव्या संहितेत कलम १६३ झाले. आकडा बदलला, काठी तीच. त्या १४४ खाली पुन्हापुन्हा तेच हुकूम काढणे हा अधिकाराचा गैरवापर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणात बजावले आहे.

'टाळेबंदी' हा शब्द तर आपल्याच घरचा. मालक दरवाजाला कुलूप लावतो, कामगार बाहेर उभा, ती टाळेबंदी. तिला कायद्यात व्याख्या आहे, ती बेकायदा ठरली तर पगार मागता येतो. मार्च २०२० मध्ये रोगाची साथ आली आणि हाच शब्द सरकारने उचलला. या वेळी कामगार कुलपाच्या आत, दहा बाय दहाच्या खोलीत. रोग खरा होता, माणसे मरत होती, ते आम्ही नाकारत नाही. पण मग पगाराचे काय? २९ मार्चला केंद्राने हुकूम काढला की मजुरी कापू नका. १८ मेपासून तो हुकूम उठला. मधल्या काळात भिवंडीचे यंत्रमाग थंड होते, आणि माग चालवणारी माणसे पोराबाळांना खांद्यावर घेऊन नाशिकच्या रस्त्याने उत्तर प्रदेशाकडे पायी निघाली होती. त्यांना टाळे कोणी लावले? विषाणूने म्हणे!

शब्द मोजून घ्यावा, हे आमच्या पणजोबांना बरोबर कळत होते. जुलै १९०८ मध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणीकामगारांनी सहा वर्षांना सहा दिवस असा हिशेब मांडला आणि गिरण्या बंद ठेवल्या. पडल्या नव्हत्या, ठेवल्या होत्या. त्या शिक्षेला निदान खटला होता, आकडा होता. 'कैद' म्हटले की ती मोजता येते. 'स्थानबद्धता' मोजता येत नाही, कारण तिथे गुन्हाच नाही. गुन्हा कराल असा संशय आहे. तिला 'प्रतिबंधात्मक' म्हणतात, जणू काही देवीची लस! आणीबाणीत 'मिसा'खाली हजारो माणसे अशी आत गेली. त्या कायद्याच्या नावातही 'सुरक्षा' हाच शब्द होता.

आणि सगळ्यांत लबाड शब्द तर रोजचाच. "अटक नाही हो, नुसतं ताब्यात घेतलंय." मोर्चाच्या आदल्या रात्री हवालदार चाळीत येतो. "साहेबांनी बोलावलंय, पाच मिनिटांचं काम आहे." पाच मिनिटांची सकाळ होते, सकाळची दुपार. अटक केली तर चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते, कारण सांगावे लागते, वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो. संविधानाच्या बाविसाव्या कलमात ते लिहिले आहे. 'ताब्यात' म्हटले की घड्याळ सुरूच होत नाही, असा यांचा कावा. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगून ठेवले आहे की माणसाची मोकळीक ज्या क्षणी काढली, अटक त्या क्षणापासून धरायची. नोंदवहीत वेळ कोणती घातली याला किंमत नाही.

तेव्हा चाळीतून कोणाला नेले तर रडारड मागाहून करा. आधी घड्याळ पाहा. नेताना किती वाजले, कोण आले होते, कोणत्या ठाण्यात नेतो म्हणाले, हे दोघांनी कागदावर लिहा, खाली सह्या करा, आणि उजाडायच्या आत तो कागद वकिलाच्या हातात द्या.