माळा नंतर, जागा आधी

पांढुर्ण्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेने आठशे किलोमीटरच्या वर पडतो. तरी आंबिया बहाराची संत्री ट्रकमध्ये चढली आणि व्यापाऱ्याचा हिशेब मिटला, की पांढुर्णा-सौसरच्या घरांत गोव्याचा विषय निघतो, आणि हल्ली त्यात क्रूझही येते. सप्टेंबर 2021 मध्ये कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज मुंबईहून सुटू लागलं. आयआरसीटीसीनेही त्याची तिकिटं विकायला घेतली. त्यामुळे विदर्भ एक्स्प्रेसचा बर्थ काढावा तशीच जहाजाची खोलीही काढता येते, असा समज झाला. बर्थ निदान लोअर की अप्पर हे माणूस विचारतो. खोलीच्या बाबतीत मात्र विचारलं जातं ते एवढंच : बाल्कनी आहे का, आणि कितव्या माळ्यावर?

सल्ला देणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, “अरे बाप्पा, जातोच आहेस तर वरच्या माळ्यावरची बाल्कनी घे ना! वर हवा, वर नजारा.” दुसरा म्हणतो, “खोलीत बसतं कोण? निजायपुरती आतली खोली पुरे, बाकी पैसा गोव्यात उडव.” दोघं एकमेकांशी कितीही भांडोत, चूक एकच करतात. दोघांचं भांडण खोलीच्या दर्जाचं आहे. ती खोली जहाजात नेमकी कुठे आहे, हे दोघांपैकी कोणीच पाहत नाही. आणि समुद्रावर झोप लागणार की मळमळणार, हे दर्जापेक्षा जागेवर जास्त ठरतं.

पहिल्या पंथाचा समाचार आधी घेऊ, कारण तो जास्त खर्चात पाडतो.

वरचा माळा चांगला, हा जमिनीवरचा हिशेब आहे. इमारत हलत नाही. जहाज हलतं, आणि दोन तऱ्हांनी हलतं. लाटेवर चढताना त्याचं पुढचं टोक वर जातं, मागचं खाली, मग उलट. ही हालचाल साधारण मध्याभोवती होते. ‘एम्प्रेस’ची लांबी सुमारे 211 मीटर. म्हणजे मध्यापासून टोक शंभर मीटरवर. जहाज फक्त एक अंश कललं, तरी टोकाची खोली पावणेदोन मीटर वर उचलली जाते आणि तेवढीच खाली बसते. मध्यापासून वीस मीटरवरची खोली त्याच लाटेवर जेमतेम पस्तीस सेंटिमीटर हलते. सिल्लेवानीच्या घाटात बसच्या शेवटच्या सीटवर बसलेल्याला गाडी का लागते आणि मधल्या सीटवरचा खुशाल डुलक्या का काढतो, हे सौसरकराला वेगळं सांगायला नको. तेच इथे.

दुसरी हालचाल डावी-उजवीकडची. तीत उंची नडते. जहाज तीन अंश झुकलं, तर पाण्याजवळच्या अक्षापासून दहा मीटर उंचीवरची खोली अर्धा मीटर सरकते, पंचवीस मीटरवरची सव्वा मीटरहून जास्त. जहाजाच्या पोटाला दोन्ही बाजूंनी पंखासारखी पाती असतात, ती ही डावी-उजवी डोलणी बरीच आवरतात. पुढची-मागची उठबस मात्र त्यांना फारशी आवरत नाही. म्हणून विक्रेता “जहाजाला स्टॅबिलायझर आहे, काही कळत नाही” म्हणतो तेव्हा तो अर्धंच खरं बोलत असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अरबी समुद्र बहुधा शांत असतो, हे मान्य. पण ज्याला पहिल्यांदाच बोट लागायची आहे, त्याला शांत समुद्रही पुरतो.

आता वरच्या माळ्याची शांतता. बहुतेक जहाजांवर सगळ्यात वर असतो तो पोहण्याचा तलाव, त्याच्या कडेच्या आरामखुर्च्या आणि उघडं उपाहारगृह. त्याच्या लगेच खाली खोली घेतली, की पहाटे पाच-साडेपाचला कर्मचारी खुर्च्या मांडू लागतात. लाकडी तक्तपोशीवर पाय ओढल्याचा कर्रर्र आवाज नेमका उशीवर येतो. बाल्कनी समुद्राकडे, आवाज डोक्यावर. नाट्यगृहाच्या किंवा डिस्कोच्या वरची खोली रात्री दोनपर्यंत ठेका धरते. पुढच्या टोकाला नांगराची साखळी खडखडते, आणि धक्क्याला लागताना जहाज आडवं सरकवणारे पंखे घुमतात. अगदी मागच्या बाल्कनीतून जहाजामागचा पांढरा फेसाळ पट्टा सुंदर दिसतो, याबद्दल वाद नाही. पण यंत्रांची थरथर तिथेच जास्त, आणि वारा फिरला तर धुराड्याची काजळीही.

मग चांगली जागा कुठली? मध्याजवळ, मधल्या किंवा त्याच्या खालच्या डेकवर, आणि वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असलेली. हे ओळखायला फोनवर जहाजाचा डेक-नकाशा उघडायचा. आपला डेक पाहायचा, मग त्याच जागेवर वरचा आणि खालचा डेक लावून पाहायचा. वर “पूल” किंवा “बुफे” लिहिलेलं असेल तर पुढे सरकायचं. खाली “थिएटर” असेल तरी सरकायचं. काहीच न लिहिलेला पांढरा चौकोन दिसला तर तो कर्मचाऱ्यांचा किंवा चादरी-भांड्यांचा कप्पा असतो. तिथे रात्रभर ट्रॉल्या फिरू शकतात. दोन खोल्यांमधल्या रेघेवर छोटी खूण असेल तर मध्ये दार आहे, म्हणजे शेजाऱ्याचा टीव्हीही आपलाच. एक भाऊ इकडे, एक तिकडे, अशा कुटुंबाला तीच खोली सोन्यासारखी; बाकीच्यांनी टाळावी. दहा-पंधरा मिनिटांचं हे काम आहे. लग्नाचा हॉल बघायला नागपूरपर्यंत जाणारी माणसं ते का करत नाहीत, हे कोडंच आहे.

बाल्कनी म्हणजे समुद्र, हेही गृहीत धरू नये. काही डेकवर खोलीसमोरच जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात. किंमत थोडी कमी असते, पण समोर केशरी रंगाचा फायबरचा डबा. खालच्या डेकवर कधी काचेऐवजी पोलादी कठडा असतो, मग खुर्चीत बसल्यावर आभाळच दिसतं. 2009 साली आलेल्या ‘ओएसिस ऑफ द सीज’वर तर काही बाल्कन्या जहाजाच्या आतल्या बागेकडे उघडतात. तिथे समोरच्या बिऱ्हाडाला हात दाखवता येतो, लाटा मात्र दिसत नाहीत. बाल्कनीची ही रेलचेल जुनी नाही. 1984 साली ‘रॉयल प्रिन्सेस’ने सगळ्याच खोल्या बाहेरच्या बाजूला काढून त्यांतल्या बऱ्याच खोल्यांना बाल्कनी दिली, तेव्हा ते नवल होतं. ‘एम्प्रेस’ 1990 सालचं, मूळ नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’; त्यावर बाल्कनी मिनी सूट आणि त्यावरच्या दर्जालाच मिळते. जागा थोड्या, भाव चढे. म्हणून “जी मिळेल ती बाल्कनी” हा घायकुतेपणा तिथे जास्त महाग पडतो. नोव्हेंबर 2023 मध्ये मुंबईहून सुटलेलं ‘कोस्टा सेरेना’ 290 मीटर लांबीचं आणि 2007 सालचं; तशा जहाजावर बाल्कन्या मुबलक, त्यामुळे निवडीला वाव मोठा.

दुसऱ्या पंथाचं अर्धं म्हणणं खरं आहे, आणि ते द्यायला हवं. दोन रात्रींच्या मुंबई-गोवा फेरीत जहाज दुपारनंतर सुटतं. बाल्कनीत बसण्याजोगा उजेड थोडाच, रात्री समोर काळोख आणि लांबवरचे दिवे. एवढ्यासाठी सूटचे पैसे मोजण्यापेक्षा मध्याजवळची खिडकीवाली खोली घेणं शहाणपणाचं. इथपर्यंत ठीक. पण “खोलीत बसतं कोण” हे लक्षद्वीपच्या लांब फेरीला लागू पडत नाही. तिथे सबंध दिवस पाण्यावर जातो. अकराच्या उन्हात तलावाकाठची खुर्ची मिळत नाही, आतल्या खोलीत दिवस की रात्र कळत नाही, आणि मळमळू लागलं तर डोळ्यांना टेकायला क्षितिज लागतं. नजर दूरच्या स्थिर रेघेवर ठेवली की कानाचा आणि डोळ्यांचा झगडा कमी होतो आणि पोट शांत राहतं. मध्यावरच्या बाल्कनीत हालचाल कमी आणि रेघ समोर, असे दोन्ही फायदे एका जागी मिळतात. टोकाच्या बाल्कनीत रेघ आहे, पण खोलीच सारखी वर-खाली होते. घरात साठी ओलांडलेली माणसं असतील, तर पैसे इथेच लावावेत. ड्रिंक पॅकेजमध्ये नव्हे.

डावी की उजवी, यावर तावातावाने बोलणारेही भेटतात. “सूर्यास्त पाहायचा तर उजवीच!” जाताना खरं आहे. जहाज दक्षिणेला निघालं की पश्चिम उजवीकडे, किनारा डावीकडे. परतताना सगळं उलट होतं. त्याच वाटेने जाऊन परत येणाऱ्या फेरीत दोन्ही बाजूंना एकेक संध्याकाळ मिळते. यावर जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. एप्रिल-मेमध्ये शाळा सुटल्यावर जाणाऱ्यांनी उलटा विचार करावा : जाताना दुपारभर ऊन खाणारी उजवी बाल्कनी भट्टी होते.

जुन्या कोकण बोटींचा इथे एक दाखला लागू पडतो. भाऊच्या धक्क्यावरून डेकचं तिकीट काढून जाणाऱ्याला नंबर नसे. वळकटी कुठे पसरायची हे ज्याचं त्याने, चढल्या चढल्या ठरवायचं. दर्जा सगळ्यांचा एक, प्रवास मात्र जागेनुसार वेगळा. आज नंबर आहे, नकाशा आहे, आणि निवड मात्र एजंटावर सोडली जाते.

उरतो शेवटचा युक्तिवाद : “कंपनी खोली देईल तशी घ्या, स्वस्त पडतं, कधी नशिबाने वरचा दर्जाही मिळतो.” याला ‘गॅरंटी’ म्हणतात, पण हमी असते ती दर्जाची, जागेची नाही. आणि ज्या खोल्या जाणकारांनी नकाशा पाहून सोडल्या, त्याच बहुधा शेवटी उरतात. एकट्यादुकट्या तरुणाने हा जुगार जरूर खेळावा. आजी, दोन लहान मुलं आणि बस लागणारी वहिनी बरोबर असेल, तर आरक्षण करतानाच खोलीचा नंबर मागावा. “नंबर निघायच्या आधी कळेल” असं उत्तर आलं तर दुसरा एजंट पाहावा, किंवा पुढची तारीख घ्यावी. मृग बहार फेब्रुवारीत निघायला लागेपर्यंत बागेतून थोडी उसंत असते, आणि समुद्रही तोवर शांतच असतो.