उत्तर पुरे होईपर्यंत

वाचा गेलेल्या किंवा जन्मापासून स्पष्ट बोलू न शकणाऱ्या माणसाच्या हाती अक्षरफलक वा बोलणारे यंत्र दिले, की त्याच्या संभाषणाची तजवीज पुरी झाली, असा एक सोयीस्कर ग्रह आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः संभाषणाला दोन पक्ष लागतात आणि साधन मिळालेले असते ते एकालाच. दुसऱ्या पक्षाला, म्हणजे तुम्हाआम्हाला, त्या साधनाशी जुळवून घेण्याचे शिक्षण कोणी दिलेले नाही, व आपण ते मागितलेलेही नाही.

मूळ अडचण गतीची आहे. आपण सहज बोलताना मिनिटाला 100 ते 150 शब्द उच्चारतो. स्टीफन हॉकिंग यांचा आवाज 1985 मध्ये श्वासनलिकेवरील शस्त्रक्रियेने कायमचा गेला, त्यानंतर संगणकाच्या साह्याने ते मिनिटाला 15 शब्दांच्या आसपास बोलू शकत. पुढे हाताचे बळ ओसरून केवळ गालाच्या स्नायूने अक्षरे निवडण्याची पाळी आली, तेव्हा ती गती मिनिटाला एकदोन शब्दांवर उतरली. तरी त्यांच्या उत्तरासाठी विद्वत्सभा थांबून राहत. हे श्रेय त्या सभांच्या सौजन्याचे, की हॉकिंग यांच्या कीर्तीचे, याविषयी मला शंका आहे; कारण तहसील कचेरीच्या खिडकीपाशी तेच धैर्य क्वचित आढळते.

तेथे अक्षरफलक घेऊन आलेल्या तरुणाचे बोट ‘द’वर टेकते, काना दाखवते, ‘ख’कडे वळते, आणि एवढ्यात कारकून ‘दाखला ना? पलीकडच्या खिडकीत जा,’ असे फर्मावून मोकळा होतो. दाखला मिळालेला असून त्यावर वडिलांचे नाव चुकले आहे, हे सांगण्यासाठी त्या बोटाला अद्याप अर्धा फलक ओलांडायचा असतो. मराठीत तर काना, वेलांटी, जोडाक्षर यांची निराळी खूण करावी लागते, त्यामुळे ‘दुरुस्ती’ हा एक शब्द होईतो मागची रांग कुरकुरू लागते. मग कारकून त्याच्या आईकडे वळून विचारतो, ‘काय पाहिजे ह्याला?’ गैरसमजापेक्षाही हा प्रश्न अधिक अपमानकारक, कारण त्याने त्या तरुणाला त्याच्याच अर्जातून खारीज करून टाकलेले असते.

दुसऱ्याचे अर्धे वाक्य पुरे करून देण्यात आपल्याला परोपकार वाटतो. काहींना ते चालते, नव्हे आवडतेही. परंतु ते त्यांना विचारून ठरवावे, कारण आपण पुरवलेला शब्द बहुधा आपल्याच मनातला असतो, आणि तो खोडून काढण्यासाठी त्यांना पुन्हा पहिल्या अक्षरापासून आरंभ करावा लागतो. बोलण्याची अशीच अडचण असलेल्या मुंबईच्या मालिनी चिब यांनी एका बोटाने टंकून आत्मचरित्र लिहिले. त्याची पाने उलटताना वाचकाला कोठेही खोळंबा जाणवत नाही. समोरासमोर बसल्यावरच आपल्याला घड्याळ आठवते.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येत पूरक व पर्यायी पद्धतींचा स्पष्ट समावेश केला आहे, तेव्हा ही केवळ भलेपणाची बाब उरलेली नाही. कचेरीत, इस्पितळात आणि न्यायाच्या इजलासासमोर अशा माणसाच्या सुनावणीला जादा अवधी देण्याचा लेखी हुकूम वरिष्ठांनी काढावा. आणि तो निघेपर्यंत वाचकांनी एवढे करावे, की प्रश्न सोबत आलेल्याला न विचारता त्यालाच विचारावा, आणि विचारून झाल्यावर उत्तर पुरे होईपर्यंत गप्प बसावे.